म्हैस पान्हा चोरती? आधी आपल्या या चुका बघा

पलूसला आमच्या गोठ्यात बादलीचा खडखडाट झाला की मुऱ्हा म्हशीच्या सडातनं थेंब गळायला लागतात, अजून हातपण लावलेला नसतो. पावलोव या रशियन शास्त्रज्ञानं कुत्र्यांत हेच बघितलं, दर वेळी खाण्याच्या आधी मेट्रोनोम (टिकटिक करणारं यंत्र) वाजवायचा, मग नुसत्या टिकटिकीवर लाळ. (त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते मात्र पचनावरच्या कामासाठी!) क्रम महत्त्वाचा, आवाज आधी मग आंबोण (धारेच्या वेळचं खाणं). आंबोण टाकून झाल्यावर हाका मारत बसलात तर जनावर काय शिकत नाही.

आता माझी चूक. गेल्या पावसाळ्यात डॉक्टर नेमके धारेच्या टायमाला आले, म्हैस बांधलेलीच होती, बादली शेजारी, म्हटलं घ्या टोचून. दुसऱ्या दिवशी बादली वाजली की हिचे मागचे पाय नाचायला लागले, दूध निम्म्यावर. आबा म्हणाले, "तिला सुईचं न्हाय, बादलीचं भ्या बसलंय." आणि तसंच होतं, घाबरली की अंगात अ‍ॅड्रेनलिन हे भीतीचं संप्रेरक वाढतं आणि पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिन संप्रेरकाचं काम अडतं, मग पान्हा कुठनं सुटणार? अशा वेळी काहीजण पान्ह्याचं (ऑक्सिटोसिनचं) इंजेक्शन मारतात, तसलं करू नका, जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. आम्ही सुई टोचायची जागा आणि वेळ बदलली, आणि धारेला आधी बादली वाजवायची, मग आंबोण, पाठीवर हात, गडबड अजिबात नाही, असं आठवडाभर केलं तेव्हा कुठं ती सावरली. पण भीती पुसली जात नाही, दबून राहते, मधेच परत डोकं वर काढते, तेव्हा परत पहिल्यापासनं.

कुत्र्याचं तर विचारूच नका. चप्पल फाडली म्हणून "मोत्या, ये ये" करून जवळ बोलवायचं आणि हाणायचं! तो चपलेचं शिकत नाही, हाकेला आलं की मार, एवढंच शिकतो.

आणि जेवताना तुकडा टाकायची सवय. रोज नाही, कधीमधीच टाकतो म्हणता? तीच जास्त चिवट, स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर दाखवलंय की अधनंमधनं मिळणाऱ्या दाण्यासाठी पक्षी लय वेळ टोचत राहतो. बंद करायचं तर सगळ्यांनीच बंद करायचं, आणि सुरवातीला भुंकणं वाढणार हे धरून चालायचं. आमच्यात नेमकं तिथंच आईचं मन विरघळलं, "असू दे रे, मुकं जनावर हाय." आता मोत्या माझ्या ताटाकडं ढुंकूनपण बघत नाही, सरळ आईजवळ जाऊन बसतो.