आधी पाइक, मग मस्की: दातेरी मासे गळाला कसे लावावेत

मिनेसोटातल्या मिनियापोलिसच्या आसपास राहायला आलेला माणूस एखाद-दोन उन्हाळ्यांत गळ हातात घेतोच. घरापासून अर्ध्या तासावर डझनभर तलाव असले की टाळणार तरी किती! मग कुठल्याशा दुकानाच्या भिंतीवर टांगलेली चार फुटी मस्की दिसते आणि डोकं फिरतं. तिथेच जरा थांबा. मस्कीला इकडे ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात, आणि नवख्याला ती अख्खा हंगाम हुलकावणी देऊ शकते. तिचा भाऊबंद नॉर्दर्न पाइक अनेकदा त्याच पाण्यात असतो, दातही तसेच, पण स्वभावाने खादाड. हात बसवायचा तो त्याच्यावर.

ओळख पक्की करा

पाइकच्या गडद हिरवट अंगावर फिके लांबट ठिपके असतात. मस्कीचं उलट: फिक्या अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके. काही मस्की मात्र जवळजवळ कोऱ्या असतात, त्यामुळे शेपटीही बघा. पाइकच्या शेपटीची टोकं गोलसर, मस्कीची टोकदार. तरीही शंका राहिली तर खालच्या जबड्याच्या तळाशी असलेली बारीक छिद्रं मोजा. एका बाजूला पाच किंवा त्याहून कमी असली तर पाइक, सहा ते नऊ असली तर मस्की.

ही मोजदाद हौसेची नाही. मिनेसोटात बहुतेक तलावांत ५४ इंचांहून लहान मस्की ठेवता येत नाही. पाइक समजून घरी नेलीत तर दंड भराल. पाइकसाठी २०१८पासून राज्याचे तीन विभाग केले आहेत आणि किती, केवढे मासे ठेवायचे हे प्रत्येक विभागात वेगळं आहे. लायसन्स काढतानाच डीएनआरचं, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं, त्या वर्षीचं नियमपुस्तक फोनवर उतरवून घ्या. शेजारच्या विस्कॉन्सिनचे नियम निराळे आहेत. मस्की हा त्या राज्याचा अधिकृत मासा, आणि तिथल्या हेवर्ड गावात तर माशाच्या आकाराची भलीमोठी इमारत आहे; तिच्या जबड्यात उभं राहून फोटो काढता येतो.

सामान

पाइकसाठी ७ फुटी मीडियम-हेवी रॉड आणि ३० पौंडी ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी) पुरते. मस्कीला ८ ते ९ फुटी हेवी रॉड, दणकट बेटकास्टिंग रील (रॉडच्या वर बसणारं) आणि ८० पौंडी ब्रेडेड लाइन लागते. दोन्हींत लीडर हवाच, म्हणजे लूरच्या (हूक लावलेल्या खोट्या आमिषाच्या) आधी जोडलेला तारेचा फूटभर तुकडा. हे दात साधी लाइन कात्रीसारखी कापतात आणि मासा तोंडात हूक घेऊन निघून जातो. त्यात तुमची लूर जाते हे दुःख छोटं. माशाचे हाल मोठे.

लूरचा सोस नको. पाइकला लाल-पांढरा पत्र्याचा स्पून अजूनही भुलवतो. मस्कीसाठी मोठा बकटेल स्पिनर घ्या, म्हणजे फिरतं पातं आणि मागे केसांचा झुपका असलेली लूर. फेकायला सोपा, ओढायला सरळ. वाचलेले पैसे लांब तोंडाची पकड, हूक तोडायचं कटर आणि खोल, रबराचा लेप असलेलं मोठं जाळं यांवर घाला. ही तीन नसतील तर मस्कीच्या वाटेला जाऊ नका.

कधी, कुठे

बर्फ वितळताच पाइक उथळ दलदलीत अंडी घालतो, म्हणून मे महिन्याच्या मध्यात हंगाम उघडतो तेव्हा तो उथळ खाडीसारख्या भागांत, कोवळ्या पाणगवताजवळ सापडतो. उन्हाळा तापला की मोठे पाइक थंड, खोल पाण्यात उतरतात; गवतात राहतात ती पोरंसोरं. मस्कीचा हंगाम जूनमध्ये उघडतो. मिनेटोंका तलाव शहराजवळ, तिथे दोन्ही आहेत. सुट्टी काढता आली तर लीच लेक किंवा व्हर्मिलियन तलाव गाठा. गवताची बाहेरची कड, जिथे तळ एकदम खोल जातो, तिथे समांतर फेका.

फेक आणि आठ

मस्की लूरच्या मागे मागे होडीपर्यंत येते आणि नुसती बघते. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी लूर बाहेर काढायची नाही. फूटभर लाइन शिल्लक ठेवा, रॉडचं टोक पाण्यात खुपसा आणि मोठा आठ काढा. इंग्रजीतला आठ, मराठीतला नव्हे! वळणं रुंद घ्या. लांबलचक माशाला अरुंद वळण घेता येत नाही. मासा दिसो न दिसो, दर वेळी काढा. चौथ्या तासाला कंटाळून एकदा टाळाल आणि नेमकी तेव्हाच पाण्यात सावली दिसेल.

झटका बसला की रॉड आकाशाकडे उचलू नका. बाजूला जोरात ओढा आणि लाइन ताठ ठेवा. ढील मिळाली की मासा डोकं झटकून हूक थुंकतो.

ठेवायचा की सोडायचा

नियमात बसणारा मध्यम पाइक खुशाल घरी न्या. अंगात इंग्रजी वाय आकाराचे काटे असतात, पण रोहूचे काटे वेचत वाढलेल्याला त्याचं काय! हळद, तिखट, मीठ लावून रव्यात परतला तर झकास. मोठ्या पाइकमध्ये पारा साठलेला असतो, म्हणून गर्भवती स्त्रिया आणि मुलांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाच्या सूचना आधी वाचा.

मस्की मात्र सोडायची. घरून निघण्याआधीच हुकांचे उलटे काटे पकडीने दाबून ठेवा. पाण्याचं तापमान २७ अंशांवर गेलं असेल तर त्या दिवशी मस्कीचा नाद सोडा. दमलेली मस्की कोमट पाण्यात वाचत नाही. जाळ्यात आली की जाळं पाण्यातच राहू द्या आणि तिथेच हूक काढा. खोल रुतलेला हूक ओढत बसू नका, कटरने तोडा. फोटो हवाच असेल तर आधी कॅमेरा तयार ठेवा, मग एक हात गालफडाखाली, दुसरा पोटाखाली घालून आडवी उचला. डोळ्यांत किंवा कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. तुम्ही जितका वेळ श्वास रोखून धरू शकता, तितकाच वेळ तिला बाहेर ठेवा. परत पाण्यात सोडताना शेपटीच्या बुडाला धरून पाठ वर, पोट खाली अशी आडवी ठेवा. घाई करू नका. ती स्वतः हिसका देऊन हातातून निसटेल आणि बहुधा तुमच्या तोंडावर पाणीही उडवेल.