दहशतवादाच्या केसमध्ये घरातलं माणूस नेलं तर? सीमाभागातल्या लोकांनी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या या पट्ट्यात कुठं संशयित पकडला अशी बातमी आली की तासाभरात दोन गोष्टी होतात. एकीकडं गल्लीच्या ग्रुपवर फोटो फिरायला लागतो आणि दुसरीकडं ज्या घरातला पोरगा नेलाय ते घर दार लावून गप्प बसतं. दोन्ही चुका, आणि दोन्हींचा फायदा शेवटी खऱ्या गुन्हेगाराला होतो.

हे मी उगाच म्हणत नाही. ८ सप्टेंबर २००६ ला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं दहशतवादविरोधी जागतिक धोरण मंजूर केलं, त्यात मानवी हक्क आणि कायद्याचं राज्य हा चार मुख्य भागांपैकी एक आहे, आणि नेमक्या त्याच दिवशी मालेगावात स्फोट झाले. नऊ जणांना धरलं, बहुतेकांनी पाच-पाच वर्षं जेलात काढली आणि २०१६ ला कोर्टानं त्यांना दोषमुक्त केलं. तोवर दहा वर्षं गेली होती आणि ज्यांची माणसं मेली ती घरं होती तिथंच. मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांचंही तसंच, जुलै २०२५ मध्ये हायकोर्टानं शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं, कारण कबुलीजबाब, ओळख परेड, जप्त केलेला माल, यातलं काहीच कोर्टात टिकलं नाही. सरकारचं अपील सुप्रीम कोर्टात आहे ते वेगळं. पण तपास घाईत आणि मारून-मुटकून केला की असं होतं, हे बघायला आता कुठं लांब जायला नको.

कन्नडमधल्या कागदावर न वाचता सही

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रात्री स्टेशनला बापाला बोलावतात, टेबलावर दोन-तीन कागद असतात, सगळे कन्नडमध्ये, कॉन्स्टेबल बोटानं जागा दाखवतो आणि म्हणतो "काका, इथं करा सही, काय नाही, नुसतं कळवल्याचं हाय". काका शेतकरी माणूस, शाळा मराठी, कन्नड बोलता येतं बाजारापुरतं, वाचता येत नाही. सही करून मोकळा होतो. तो कागद अटकेचा मेमो होता, जप्तीचा पंचनामा होता की पोरानं कायतरी कबूल केल्याचा होता हे त्याला दोन महिन्यांनी वकिलाकडनं कळतं.

तर नीट लक्षात ठेवा. अटक कशासाठी केली याची कारणं लेखी द्यावी लागतात, यूएपीएच्या (बेकायदा कारवाया रोखायचा कायदा, दहशतवादाच्या केसमध्ये हा लावतात) केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे मे २०२४ ला स्पष्ट सांगितलं आणि नोव्हेंबर २०२५ ला त्याच्याही पुढं जाऊन सगळ्याच गुन्ह्यांसाठी सांगितलं की कारणं लेखी हवीत, ती अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि लगेच देणं जमलं नाही तर रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायच्या निदान दोन तास आधी तरी हातात पडली पाहिजेत. नाहीतर अटकच बेकायदा. भाषेचा मुद्दा तसा जुनाच, १९६२ मध्ये नागपूरच्या एका स्थानबद्धाला इंग्रजीत कागद दिले होते, त्याला इंग्रजी येत नव्हतं, तोंडी समजावलं होतं म्हणून सरकारनं सांगितलं, पण तेवढं पुरत नाही म्हणत सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. तेव्हा मराठीत कागद मागणं म्हणजे सीमाप्रश्न उकरून काढणं नव्हे, पोलिसांशी भांडणही नव्हे. शांतपणे मागा. नाहीच दिला आणि सही करावीच लागली तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहा, "मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर मराठीत वाचून दाखवलेला नाही", आणि तारीख, वेळ टाका. आणि पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्यानं सही करायची नसतेच, कायदाच तसा आहे, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

"नुसतं चौकशीला नेलंय" म्हणून दोन दिवस वाट बघणं

साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी नोटीस लागते. बाईमाणसाला, पंधराच्या आतल्या पोराला आणि साठीच्या वरच्यांना स्टेशनला बोलवता येत नाही, घरी येऊन विचारावं लागतं. अटक केली असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. आपण सीमेवर आहोत त्यामुळं आधी हे विचारा की नेलं कुणी, कर्नाटकच्या पोलिसांनी, महाराष्ट्राच्या एटीएसनं (दहशतवादविरोधी पथक) की एनआयएनं (केंद्राची तपास यंत्रणा), कारण निपाणीतनं उचललेला माणूस ट्रान्झिट रिमांड (दुसऱ्या राज्यात न्यायची कोर्टाची परवानगी) घेऊन महाराष्ट्रातही गेलेला असू शकतो आणि घरचे बेळगावात स्टेशन पालथी घालत बसतात. ऑनलाइन एफआयआर दिसत नाही म्हणजे केसच नाही असंही समजू नका. दहशतवादासारख्या संवेदनशील गुन्ह्यांचा एफआयआर वेबसाइटवर टाकायची सक्ती नाही, आरोपीनं तो अर्ज करून मिळवायचा.

याच्या उलटी चूक म्हणजे पोराला कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला पाव्हण्यांकडं धाडणं. राज्य बदललं म्हणून वॉरंट थांबत नाही, उलट फरारी म्हणून नोंद होते आणि पुढं जामीन मागताना तेच आडवं येतं.

जामिनाचे दिवस मोजायला विसरणं

यूएपीएत जामीन फार अवघड आहे, कलम ४३डी(५) मुळं आरोप नुसता वरवर खरा वाटला की कोर्ट जामीन देत नाही. म्हणून तारखा महत्त्वाच्या. चार्जशीटला साधारण ९० दिवस, सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्टानं मुदत वाढवली तर १८०, आणि ही वाढ आरोपीला कोर्टासमोर हजर ठेवूनच द्यायची असते, त्याच्या माघारी नाही. मुदत संपली आणि चार्जशीट आली नाही तर जामीन हा हक्कच, पण तो मागावा लागतो. तुम्ही "सोमवारी करू अर्ज" म्हणून थांबलात आणि शुक्रवारी चार्जशीट दाखल झाली की तो हक्क गेला. वहीत रिमांडची पहिली तारीख लिहा आणि वकिलाच्या मागं लागा.

हुबळीचं उदाहरण जवळचंच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं तीन काश्मिरी विद्यार्थ्यांवर राजद्रोहाचा गुन्हा पडला, त्यांना आपल्या हिंडलगा जेलात ठेवलं होतं, आणि हुबळीच्या वकील संघटनेनं ठराव केला की यांची केस कुणी घ्यायची नाही. बंगळूरहून वकील पोलीस बंदोबस्तात आले, हायकोर्टानंही या ठरावाबद्दल कान उपटले. जूनमध्ये चार्जशीट वेळेत आली नाही म्हणून त्यांना जामीन मिळाला. असले ठराव बेकायदा आहेत हे सुप्रीम कोर्टानं २०१० लाच सांगितलंय. कसाबलासुद्धा वकील दिला, अपील ऐकलं, मग फाशी झाली, आणि म्हणूनच त्या निकालाकडं जगात फारसं कुणाला बोट दाखवता आलं नाही. सातारा जिल्ह्यातले तुकाराम ओंबळे छातीवर गोळ्या झेलून त्याला जिवंत धरून देतात, आणि आपण म्हणायचं कोर्टबिर्ट कशाला? माझ्या मते हा ओंबळेंचा अपमान आहे.

ग्रुपवर फोटो टाकणं

संशयिताचा फोटो "अतिरेकी सापडला" लिहून फिरवला की खऱ्या साक्षीदारानं तो चेहरा मोबाइलवर बघितलेला असतो, मग ओळख परेडला काय अर्थ राहिला? बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. बेवारस बॅग, संशयास्पद माणूस, भाड्याच्या खोलीत काही विचित्र, असं खरंच दिसलं तर ११२ ला फोन करा, ग्रुपवर नको, आणि हातात काठ्या घेऊन तर नकोच, २०१८ मध्ये बिदर जिल्ह्यात पोरं पळवणारे समजून जमावानं एका इंजिनिअरचा जीव घेतला तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेमुळंच. मराठी आंदोलनातल्या पोरांना चिडून "अतिरेकी" म्हणणं आणि आपणही दुसऱ्या बाजूच्यांना तसंच म्हणणं, हेही बंद करा, हा शब्द कायद्यात फार जड आहे.

मारहाण झाली असेल तर

पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतील तेव्हाच सांगायचं, जखम दाखवायची आणि वैद्यकीय तपासणी मागायची. भीतीनं पोरगा गप्प राहतो आणि महिन्यानं सांगतो तेव्हा अंगावर काही उरलेलं नसतं. फोन, लॅपटॉप जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा, झडतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आता बंधनकारक आहे. वकिलाला पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, किंवा १५१०० ला फोन लावा आणि मराठी समजणारा वकील पाहिजे असं सुरुवातीलाच सांगा. मानवी हक्क आयोगाकडं तक्रार करायची तर घटनेपासून एक वर्षाच्या आत, नंतर ते घेत नाहीत. राष्ट्रीय आयोगाला तक्रार मराठीत लिहिली तरी चालते.