जाहिरातीचे अक्षरवळण : या चुका टाळा

मजकूर चोख असूनही जाहिरात परकी किंवा उथळ वाटत असेल, तर दोष शब्दांआधी अक्षरवळणात शोधावा, कारण वाक्य वाचून होण्यापूर्वीच ते कोणाच्या आवाजात बोलले जात आहे हे वाचकाने अक्षरांच्या आकारावरून ताडलेले असते.

पहिली चूक म्हणजे केवळ आवडीवरून फॉन्ट निवडणे. कॉमिक सॅन्स १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी तयार झाला तो पडद्यावरील कार्टून पात्रांच्या संवादफुग्यांकरिता. तोच विमा योजनेच्या मथळ्यावर चढवला की हमीचे आश्वासनही थट्टेचे वाटू लागते. याच्या उलट, तटस्थ अक्षर नेहमीच सुरक्षित असते हा समजही फसवा आहे. गॅप या कपड्यांच्या कंपनीने २०१० मध्ये आपले ओळखीचे सेरिफ (टोकांना छोट्या रेषा असलेल्या अक्षरांचे) बोधचिन्ह बदलून हेल्व्हेटिका या साध्या, तटस्थ फॉन्टमधील नवे आणले आणि टीकेमुळे ते आठवड्याभरातच मागे घेतले. साधेपणा वाईट नव्हे. फोक्सवॅगनच्या १९५९ च्या जाहिरातीत, लहान गाडीचा गुण सांगताना, फ्युचुरा या फॉन्टचे अनलंकृत अक्षर आशयाशी अगदी जुळले होते.

बोडोनीसारख्या फॉन्टच्या वळणातील केसाएवढ्या रेषा मोठ्या मथळ्यात रुबाबदार दिसतात, पण बारीक छपाईत तुटतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर शाईने बुजतात. नमुना प्रत्यक्ष आकारात छापून पाहावा.

देवनागरीत मात्र सर्वाधिक चुका रोमन लिपीच्या सवयींमुळे होतात. अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील मात्रांवर आदळतात. आणि फॉन्टचे ठळक वजन (जाड अक्षरांची आवृत्ती) उपलब्ध नसताना सॉफ्टवेअरकडून अक्षर फुगवून घेतले की जोडाक्षरांची पोकळी भरून जाते. म्हणून फॉन्टची परीक्षा ‘कमल’सारख्या सोप्या शब्दावर न घेता ‘वैशिष्ट्ये’, ‘कर्तृत्व’ आणि ‘दुसऱ्या’ यांवर घ्यावी. शेवटच्या शब्दात अर्ध्या ‘ऱ’च्या जागी रफार उमटत असेल, तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद समजावा.

एवढे सारे नीट असूनही परकेपणा उरलाच, तर ‘ल’ आणि ‘श’ तपासावेत. अनेक फॉन्टमध्ये त्यांची हिंदी वळणे आधीपासून निवडलेली असतात आणि मराठी वाचकाला, कारण सांगता आले नाही तरी, तो परका हेल जाणवतो. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्यास, फॉन्टमध्ये सोय असेल तर, मराठी वळणे आपोआप येतात. नसेल तर दुसरा फॉन्ट घ्यावा.