झाकण उघडून बघा, मग दिवा घ्या

मुंबई हायच्या समुद्रातल्या तेल-गॅस प्लॅटफॉर्मवर चौदा दिवस, मग चौदा दिवस घरी, अशी इलेक्ट्रिकलमध्ये बरीच वर्षं काढली. आता नवी पोरं कॅटलॉग घेऊन येतात, "काका, इमर्जन्सी लाइट कुठला घेऊ?" सगळ्यांचं बोट ल्युमेनवर, म्हणजे उजेड किती यावर. मी म्हणतो, आधी नेमप्लेट वाच.

झोन (स्फोटक गॅस असण्याची शक्यता किती, त्यानुसार पाडलेला भाग), गॅस ग्रुप (कुठल्या गॅसमध्ये चालेल), टी-क्लास (दिव्याचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल) सगळे बघतात. भोवतालच्या हवेच्या तापमानाची मर्यादा कुणी बघत नाही. ती छापलेलीच नसेल तर दिवा उणे २० ते ४० अंशांपुरताच प्रमाणित आहे असं समजायचं. मे महिन्यात डेकवर उन्हात तापलेल्या खोक्याला ४० पुरत नाहीत. ५५ वाला मागा. सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी 'एक्स' असेल तर वापराच्या खास अटी आहेत, त्या वाचल्याशिवाय ऑर्डर नको. नागपूरच्या पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरीही कागदावर घ्या.

गॅस सुटला की शटडाउनमध्ये बाकीची वीज कापतात, पण हे दिवे आतल्या बॅटरीवर जळतच राहतात. गॅस काही ड्रॉइंगवरची झोनची रेघ बघून थांबत नाही. म्हणून सेफ एरियातही (जिथे गॅस अपेक्षित नसतो), निदान उघड्यावर, मी झोन १ ला, म्हणजे नेहमीच्या कामातही अधूनमधून गॅस येऊ शकतो अशा जागी, चालणारेच लावायचो. खरेदीवाले कुरकुरायचे.

बॅटरी प्रत्येक दिव्यात वेगळी असलेली बरी. एकाच खोलीतल्या बॅटरी बँकवर सगळं टाकलं आणि मधली केबल जळली, की अख्खा जिना अंधारात. ६ जुलै १९८८ ला नॉर्थ सीमध्ये पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर आग लागून १६७ माणसं गेली, त्यातली बरीच राहण्याच्या भागात धुराने. धूर छताला आधी भरतो, तिथला दिवा दिसेनासा होतो. म्हणून पॅसेजमध्ये जमिनीलगत अंधारात चमकणाऱ्या पट्ट्याही घ्या.

मग नमुना मागवून झाकण स्वतः उघडा, हातमोजे घालून. स्क्रू झाकणालाच अडकून राहतात का? सुटे असतील तर पहिलाच ग्रेटिंगमधून, म्हणजे पायाखालच्या लोखंडी जाळीतून, समुद्रात जातो आणि त्या दिव्याचं फ्लेमप्रूफपण, म्हणजे आतला स्फोट आतच अडवण्याची ताकद, संपतं. बॅटरी उष्णता सोसणारी निकेल-कॅडमियम मला बरी वाटते.

केबल खालून किंवा बाजूने आत जायला हवी. बोट लँडिंगजवळ आम्ही एकदा वरून ग्लँड (केबल आत जाते तिथलं घट्ट आवळायचं बूच) असलेला दिवा लावला होता. आयपी ६६ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा जोरदार फवारा आत न येऊ देणारा. पावसाळ्यानंतर उघडला तर आत वाटीभर पाणी. दोष दिव्याचा नव्हता, ग्लँड आम्हीच नीट आवळली नव्हती.

सुटे बॅटरीपॅक त्याच ऑर्डरमध्ये टाका, पण दोन-चारच. कपाटात पडूनही ते म्हातारे होतात.