पुरासाठी भरलेली पिशवी, दसऱ्यानंतर पारगडला

गोव्यात साखळी, डिचोली, वाळपई या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येक घराने मृग लागायच्या आत एक पाठपिशवी भरून सोप्यावरच्या खुंटीला अडकवून ठेवावी. पावसाचे चार महिने ती पुराची. दसरा उलटला की तीच खांद्यावर टाकून गड चढायचा. आत काय असावं ते पुढे सांगतेच, पण एक गोष्ट पिशवीत मावत नाही आणि ती सगळ्यांत आधी ठरवायची असते: थांबायची खूण. पाणी कुठवर आलं की घर सोडायचं, आणि किती वाजले की गड अर्धा राहिला तरी उतरायला लागायचं. हे मे महिन्यातच, सगळी माणसं एकत्र जेवायला बसलेली असताना ठरवून घ्या. पाणी पायरीला लागल्यावर एकाच घरात चार मतं होतात, आणि ती ऐकून घ्यायला तेव्हा वेळ नसतो.

खूण नेमकी कुठली धरायची हे कळायला पाणी कुठून येतं ते माहीत हवं. साखळीच्या बाजारात पाऊस थांबलाय म्हणून निश्चिंत राहू नका. वाळवंटी नदी चोर्ला घाटाच्या बाजूने उतरते. वर रात्रभर कोसळलं की इथे उघडीप असतानाही ती फुगत जाते. अंजुणे धरण भरलं की त्याचा विसर्ग तिच्यातच येतो. खाली मांडवीला भरती असेल तर या सगळ्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही, ते जागीच चढतं. बाजार वाचवण्यासाठी नदीकाठी भिंत आहे, नाल्यांच्या तोंडाशी दारं आहेत आणि पंप आहेत. नदीची पातळी नाल्याच्या वर गेली की दारं बंद करावी लागतात, नाहीतर नदीच उलटी बाजारात शिरेल. पण दारं बंद झाली की गावात पडणाऱ्या पावसालाही बाहेर जायची वाट उरत नाही, ते पाणी पंपांनीच उचलून नदीत टाकायचं. म्हणून ‘पंप सुरू झाले का?’ हा प्रश्न महत्त्वाचा. झाले असतील तर खालच्या फळीवरचा माल वर घ्यायची वेळ झाली.

भरतीची वेळ पाहायची सवय घरातल्या एकाला तरी हवीच. दिवसातून दोनदा भरती येते, रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. आपल्या मुलखात पाण्याची वेळ ओळखण्याला किती किंमत आहे हे इतिहासानेही दाखवलंय: १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या माणसांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला तो रात्रीची ओहोटी साधून. हवामान खात्याचा लाल इशारा, धरणाचा विसर्ग आणि उधाणाची भरती ही तिन्ही एकाच रात्री येत असतील तर म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना संध्याकाळीच उंचावरच्या नातेवाइकांकडे पोचवा. मध्यरात्री उचलून नेण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

अंगणाच्या पायरीच्या बाजूला ऑइलपेंटने दोन रेघा मारून ठेवा. खालच्या रेघेला पाणी लागलं की गोठ्यातल्या गुरांची दावी सोडायची, गाडी उंचावर नेऊन लावायची, मेन स्विच पाडायचा. वरच्या रेघेला लागलं की निघायचं, कुणाचीही समजूत काढत बसायचं नाही. मेन स्विचबद्दल इथे जरा थांबून सांगते, कारण हे शिकल्या-सवरल्या घरांतही माहीत नसतं. मेन पाडला म्हणजे बाहेरची वीज बंद झाली. इन्व्हर्टर मात्र त्याच क्षणी आपलं काम सुरू करतो आणि त्याच्या लाइनवरचे पंखे, दिवे, सॉकेट जिवंतच राहतात. भिंतीत खाली असलेल्या सॉकेटपर्यंत पाणी चढलेलं आणि माणूस त्यात अनवाणी उभा, यात जीव जातो. तेव्हा आधी मेन, मग लगेच इन्व्हर्टरचं स्वतःचं बटण, दोन्ही पाय कोरडे असतानाच. इन्व्हर्टर आणि बॅटरी जमिनीवर ठेवलेली असेल तर जूनच्या आधी टेबलाच्या उंचीवर घ्या. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, कारण रिकामा किंवा अर्धा सिलिंडर तरंगतो आणि घरभर आपटत फिरतो. न्हाणीच्या भोकावर आणि संडासाच्या भांड्यावर रेती भरलेली जाड प्लास्टिकची पिशवी दाबून ठेवा. दारातून पाणी यायच्या आधी घाण तिथून वर येते.

आता पिशवी. कागदपत्रं झिपच्या पिशवीत, ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. आधार, रेशनकार्ड, पासबुक, विमा हे तर खरंच, पण जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि पोर्तुगीज काळातले जमिनीचे कागद सगळ्यांत आधी. आधार परत मिळतं. आजोबांच्या सहीचा तो पिवळा पडलेला कागद मिळत नाही. त्याचे फोटो काढून परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पंधरा दिवसांची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी. डोक्याला बांधायची विजेरी, कारण एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात काठी असते. शिट्टी, तीनदा थांबून-थांबून वाजवली की मदतीची हाक होते. चार्ज केलेली पॉवर बँक. क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, आयोडीनचं मलम, पट्टी. चुरमुरे, गूळ, शेंगदाणे, चूल न पेटवता खाता येईल असं. एक जोडी सुके कपडे, मेणकापड आणि पंधरा-वीस हात लांब दोर. बाळ असेल तर त्याचं सगळं वेगळ्या छोट्या पिशवीत. रोख पैसे सुट्ट्या नोटांत, कारण वीज गेली की एटीएम आणि मोबाइलचं पेमेंट दोन्ही बंद. १०१, १०८ आणि ११२ हे आकडे मुलांकडून पाठ करून घ्या.

जुलै संपता संपता चित्रशाळांत गणपतीच्या मूर्ती अर्ध्या-मुर्ध्या तयार असतात. मूर्तीसाठी आपला पाट जिथे दिलाय ती चित्रशाळा सखल भागात असेल तर लाल इशाऱ्याच्या दिवशी दोन तरुण पोरांना तिकडे हात द्यायला पाठवा. चिकणमातीची मूर्ती एकदा भिजली की पुन्हा मातीच, आणि त्या कलाकाराची वर्षाची कमाई त्यातच असते. हे कुठल्या सरकारी यादीत नसतं, पण आपल्या यादीत असायला हवं.

२३ जुलै २०२१ विसरू नका. म्हाताऱ्या पावसाचे, म्हणजे पुष्य नक्षत्राचे, ते दिवस. म्हादई (मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव) पात्र सोडून सत्तरी तालुक्यात शिरली, मातीच्या भिंतींची घरं कोसळली. त्याच सुमारास चिपळूण बुडालं आणि महाडजवळच्या तळियेवर दरड आली. मातीचं घर असेल तर खूण आणखी खाली धरा: पाणी भिंतीच्या पायाला लागलं की बाहेर. आणि ओसरलं म्हणून लगेच आत झोपायला जाऊ नका. भिजलेली भिंत दोन-तीन दिवसांनीही बसते. निघताना वाहत्या पाण्यात शिरायची वेळ आलीच तर काठीने तळ चाचपत, पायात चप्पल-बूट घालूनच. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं आणि फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते. रस्त्यावरून पाणी वाहतंय आणि खालचं डांबर दिसत नाही, तर तिथून गाडी न्यायची नाही. दक्षिण गोव्यात पारोड्याचा रस्ता कुशावती नदीच्या पाण्याखाली जातो तेव्हा तिकडचे लोक मुकाट्याने लांबचा रस्ता धरतात, तेच शहाणपण.

पाणी उतरल्यावर झाडू उचलायच्या आधी फोटो काढा, भिंतीवरची चिखलाची रेघ दिसेल असे, मग तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी अर्ज. बुडालेली गाडी चावी फिरवून बघायचा मोह टाळा, इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतला दांडा वाकतो आणि इंजिनच जातं. विहीर उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून आणि आरोग्य केंद्रातल्या माणसाला दाखवूनच वापरायची. तोवर पाणी उकळून. पुराचं पाणी लागलेलं धान्य गुरांनाही घालू नका.

गडाकडे वळते. गोव्यातले आपले किल्ले बहुतेक नदीकाठी किंवा समुद्रकाठी: शापोरा, तेरेखोल, हळर्ण, काब द राम. नाणूसचा किल्ला म्हादईच्या खोऱ्यातला. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड उभारलं ते तिथून. हे सगळे बघावेतच, पण अंगातला घाम काढणारी चढण हवी असेल तर हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यात पारगड आहे, सातशे मीटरच्या वर. गोव्याच्या सीमेवर नजर ठेवायला शिवाजी महाराजांनी हा गड उभारला, आणि तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा इथला किल्लेदार होता अशी परंपरा. मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात, भवानीच्या देवळात पूजा चालते. हा जिता गड आहे. आरडाओरडा करत कुणाच्या अंगणातून जायचं नाही, दार उघडं दिसलं तरी विचारूनच आत डोकवायचं, आणि जेवण हवं असेल तर आधी कळवून, योग्य पैसे देऊन.

जुलै-ऑगस्टात जाऊ नका असंच मी सांगेन. तिलारी घाटात दरडी येतात, आणि ज्या पुराला घरी भ्यायचं त्याच पुराकडे सुट्टीत चालत जाण्यात अर्थ नाही. दसऱ्यानंतर पिशवी उपसा. कागदांचा डबा कपाटात जाईल, बाळाचं सामान निघेल. विजेरी, शिट्टी, दोर, ओआरएस, क्लोरीन, पॉवर बँक, मेणकापड तसंच राहील. त्यात माणशी तीन लिटर पाणी, पोळी-भाजी किंवा पोदेराकडचे उंडे (पाववाल्याकडचे गोल पाव) आणि उकडलेली अंडी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. जीन्स नको, भिजली की जड होते आणि सुकत नाही. बुटांचे तळवे नख लावून तपासा. जांभ्या दगडावरचं शेवाळ वरून सुकलेलं दिसतं, खाली ओलंच असतं, आणि झिजलेला तळवा त्यावर टिकत नाही. ऑक्टोबरात दुपारनंतर विजा होतात, म्हणून बारापर्यंत माथा सोडायचा ही गडाची खूण. पहिला गडगडाट ऐकू आला की सडा (माथ्यावरचं उघडं कातळ) आणि एकटं झाड दोन्ही सोडून खाली.

दोडामार्गाकडून मोर्ल्याच्या बाजूने रानवाटेने चढणार असाल तर गावात पहिला प्रश्न वाटेचा नाही, हत्तींचा विचारा. तिलारीच्या खोऱ्यात रानटी हत्ती गेली वीसेक वर्षं आहेत. ताजं शेण, मोडलेल्या केळी, उलथलेला माड दिसला तर तिथूनच परत. भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला त्या वाटेवर असूच नका. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी मोज्याजवळ ठेवा. चिकटलेली जळू ओढून काढू नका, मीठ लावा, आपोआप सुटते. फोनला रेंज नसते. घरी एकाला लिहून द्या: कोण कोण, कुठल्या वाटेने, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

डिसेंबरनंतर मे अखेरपर्यंत रानात गेलात तर गोचिडींची काळजी घ्या. सत्तरीत आणि सिंधुदुर्गात माकडताप आलेला आहे. पायजमा मोज्यात खोचायचा, पाचोळ्यावर बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि काखा, मांड्या, कानामागे बघून आंघोळ. पुराच्या पाण्यात उतरलेल्यांना लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाची) भीती, पायाला जखम असेल तर जास्तच. प्रतिबंधक गोळी डॉक्टरला विचारून घ्या. दोन्हीकडे सुरुवात सारखीच दिसते: ताप, अंगदुखी, डोकं ठणकणं. तेव्हा महिन्याभरात ताप आला तर घरच्या घरी पॅरासिटामॉलवर काढू नका. आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरने विचारायची वाट न पाहता सांगा, अमुक तारखेला पुराच्या पाण्यात उतरलो होतो, किंवा अमुक तारखेला रानात गेलो होतो.