जुना पायथन कोड नवा करताना: आधी उत्तरं धरून ठेवा

माझ्याकडे आलेला कोड एका पतसंस्थेचा, पायथन २.७ मधला. काम दोनच: व्याज काढायचं आणि पावती छापायची. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, पण चालतंय म्हणून कुणी हात लावला नव्हता.

असा कोड हातात आला की आधी एकही ओळ बदलू नका. जुन्या प्रोग्रॅमवर मागच्या वर्षाची खाती चालवा आणि आउटपुट जसंच्या तसं फाइलीत ठेवा, चुकीचं वाटलं तरी. पुढच्या प्रत्येक बदलानंतर या फाइलीशी डिफ काढायचा, म्हणजे नवं आउटपुट कुठे वेगळं येतंय ते बघायचं.

मग टू-टू-थ्री (2to3) चालवा, म्हणजे पायथन २ चा कोड पायथन ३ मध्ये बदलणारं साधन. पायथन ३.१३ मधून ते काढून टाकलंय, म्हणून ३.१२ शेजारी असू द्या. प्रिंटचे कंस वगैरे ते घालतं, भागाकार मात्र तसाच सोडतं. जुन्यात ७ / २ म्हणजे ३, नव्यात ३.५, पूर्णांकच हवा असेल तिथे // लिहा. राउंड त्याहून चावट. राउंड(२.५) पूर्वी ३ द्यायचं, आता २ देतं, कारण बरोबर मधोमधचा आकडा आता सम संख्येकडे जातो. व्याज रुपयांत आणणारी प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासा. मी तर पैशांसाठी सरळ डेसिमल (दशांश आकडे अचूक ठेवणारा प्रकार) वापरते आणि ‘राउंड हाफ अप’, म्हणजे अर्धा आला की वर, असं स्पष्ट लिहिते.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक. ‘पावती’ची लांबी जुन्या यूटीएफ-८ स्ट्रिंगमध्ये १५ यायची, नव्यात ५, कारण जुना पायथन बाइट मोजायचा (देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन), नवा चिन्हं मोजतो. त्यामुळे नाव ४५ वर कापणारी ओळ आता तिप्पट लांब नाव जाऊ देते आणि ते रकमेच्या रकान्यात घुसतं.

शैलीचा नंबर यानंतर, कारण २०२२ पासूनचा ब्लॅक (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन) पायथन २ चा कोड वाचतच नाही. टॅब की स्पेस यावर मीटिंग नको. ब्लॅक लावा, ओळ ८८ अक्षरांची, विषय संपला. पेप ८ चे (पायथनच्या अधिकृत शैली-नियमांचे) ७९ हवेत म्हणणारा एक जण असतोच. टीमला पटलं तर कॉन्फिगमध्ये आकडा बदला, पण सगळ्यांना एकच.

फॉरमॅटिंगचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) मात्र एकटा हवा. त्यात लॉजिकची एक ओळ घुसली, तर रिव्ह्यू करणाऱ्याला ती सापडणार नाही. त्या कमिटचा हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, एका फाइलीत लिहा आणि गिट ब्लेमला (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) त्या फाइलीतले कमिट वगळायला सांगा (गिट २.२३ पासून सोय आहे). नाहीतर ज्येष्ठ नागरिकांच्या जादा व्याजदराची अट कुणी घातली हे शोधायला जाल, आणि ओळीवर तुमचंच नाव दिसेल.

प्री-कमिट हुक त्याच दिवशी बसवा, म्हणजे प्रत्येक कमिटच्या आधी ब्लॅक आपोआप चालेल.