पुरानंतर डोंगरातल्या गावांत औषधं घेऊन निघालात? या चुका टाळा

पूर ओसरला की चार-पाच दिवसांत स्वयंसेवकांच्या गाड्या डोंगराकडे निघतात. रस्ता जिथे वाहून गेलाय तिथे गाड्या थांबतात आणि शिबिरही बहुतेक वेळा तिथेच लागतं. टेबल मांडायचं, फलक बांधायचा, संध्याकाळपर्यंत दोनशे माणसं तपासायची. वहीतला आकडा बघून बरं वाटतं. अशा पथकांत औषधांची पेटी माझ्याकडे असते, आणि मीही अशा आकड्यांवर खूश होऊन परतले आहे. त्या रांगेतला प्रत्येक जण आपल्या पायांनी चालत आला होता, हे डोक्यात शिरायला मला दोन खेपा लागल्या. जिला नववा महिना लागलाय, ज्याचा पाय मोडलाय, जो तीन दिवस जुलाबाने आडवा पडलाय, ते सगळे दरडीपलीकडच्या वस्तीतच राहिलेले असतात.

म्हणून रांगेतल्या प्रत्येकाला नाव विचारून झालं की लगेच दुसरा प्रश्न विचारा: ‘तुमच्याकडचं कोण येऊ शकलं नाही?’ तासाभरात यादी तयार होते. मग अर्धं पथक टेबलाशी ठेवा आणि दोघा-तिघांना हलक्या पिशव्या देऊन, वाट माहीत असलेल्या गावकऱ्याबरोबर वर पाठवा. अंधार पडायच्या आत परतता येईल इतकंच अंतर गाठायचं. भिजलेला उतार रात्री कधी सुटेल याचा नेम नसतो. गाडला गेलेला डॉक्टर कोणाच्याच कामाचा नाही.

पेटीत सलाईन भरणं

सलाईनच्या बाटल्या दिसल्या की देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही इलाज झाल्यासारखा वाटतो. पण डोंगरात सगळा हिशेब पाठीवरच्या वजनाचा असतो. एका किलोत अर्ध्या लिटरच्या दोनच बाटल्या बसतात. ओआरएसची एक लिटरची पुडी भरते २०.५ ग्रॅम, म्हणजे तेवढ्याच वजनात चाळीस-पंचेचाळीस लिटर द्रावणाची सोय होते. शिवाय जुलाबाने पार शुष्क झालेल्या माणसाला शिरेतून किलोमागे १०० मिली लागतं. पन्नास किलोच्या माणसाला पाच लिटर, म्हणजे दहा बाटल्या, आणि त्याही एका रुग्णाला. सलाईन अगदी अत्यवस्थ रुग्णासाठी आणि त्याला खाली आणेपर्यंतच्या वाटेसाठी ठेवा. बाकी भिस्त पुडीवर.

पुडी वाटली म्हणजे काम झालं असंही नाही. काही पुड्या एक लिटरच्या असतात, काही २०० मिलीच्या, आणि एकाच पेटीत दोन्ही निघतात. पुरात भांडी वाहून गेलेली असतात, लिटर मोजणार कशाने? त्या घरात जे भांडं उरलंय तेच मागून घ्या, त्यात मोजून पाणी ओता, जिथवर आलं तिथे खिळ्याने खूण करा. या दोन मिनिटांचा उपयोग भाषणापेक्षा जास्त होतो. मूल ओकलं की आई द्रावण बंद करते. तिला सांगा, दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमचा-चमचा, सावकाश. बरोबर झिंकच्या गोळ्या द्या: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, त्याहून लहानाला १०, आणि जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस. जुलाब थांबले की गोळ्याही थांबतात, ही चूक घरोघरी होते.

गढूळ, थंड पाण्यात क्लोरीन टाकून निश्चिंत होणं

ओढ्याचं पाणी पुरानंतर कित्येक दिवस मातकट असतं. त्या गाळातच क्लोरीन खर्ची पडतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. आधी पाणी निवळू द्या, मग चौपदरी कापडातून गाळा, मगच मात्रा टाका. अर्ध्या तासाने पाण्यात लिटरमागे ०.५ मिग्रॅ मुक्त, म्हणजे खर्ची न पडलेलं, क्लोरीन उरायला हवं. ते तपासायची छोटी पेटी पथकाबरोबर असावी, वासावर जाऊ नये. डोंगरातलं पाणी फार गार असेल तर अर्धा तास पुरत नाही, वेळ दुप्पट धरा. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यामुळे सरपण कोरडं मिळत असेल तर लहान मुलांपुरतं तरी पाणी उकळावं. फार उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. तिथे खळखळून उकळी फुटल्यावर तीन मिनिटं ठेवलेलं बरं.

सुट्या गोळ्यांच्या पुड्या

ही चूक माझ्या हातून झालेली, म्हणून जरा सविस्तर.

एका वस्तीत एका आजींनी पदराची गाठ सोडून माझ्यासमोर गोळ्या ओतल्या. पंधरा-वीस असतील. पट्टीचे कापलेले तुकडे, काहींवर नावाची नुसती दोन अक्षरं, बाकीच्या तर पट्टीतून काढून कागदात बांधलेल्या. आमच्या आधी दोन पथकं येऊन गेली होती.

‘आजी, यातली कुठली कधी घेता?’

‘डोकं दुखलं की ही गोल. अंग दुखलं की ही लांबट. आणि ताप आला की तुमच्यातल्या त्या ताईने दिलेली.’

तिन्ही गोळ्या पॅरासिटामॉलच्या होत्या. एक पहिल्या पथकाची, एक दुसऱ्याची, एक आमची. डोकं, अंग आणि ताप एकाच दिवशी आले असते, आणि तापात ते येतातच, तर मोठ्या माणसाची दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा आजींनी सहज ओलांडली असती. एकाही डॉक्टरने चुकीचं औषध दिलं नव्हतं. आधी काय दिलंय, हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी पट्टी कापत नाही. कापावीच लागली तर पुडीवर मूळ नाव, मात्रा आणि कधी घ्यायची ते लिहिते, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्र काढते. नवं देण्याआधी घरातलं सगळं औषध समोर मांडायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम १९९६ साली काढले. पोहोचताना निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, लोकांनी परत केलेली औषधं आणि डॉक्टरांना मिळालेले मोफत नमुने घेऊ नयेत, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना समजेल अशा भाषेत असावं, असं त्यांत स्पष्ट आहे. हे नियम उगाच आले नाहीत. १९९२ ते ९६ या काळात बोस्नियात आलेली सुमारे १७,००० टन औषधं निरुपयोगी ठरली, आणि ती नष्ट करायचा खर्च पुन्हा वेगळा. सोसायटीत खोका ठेवून औषधं गोळा करणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते नाराज होतात. होऊ देत.

फक्त ‘पुराचे आजार’ डोक्यात ठेवणं

पेटी भरताना जुलाब, ताप, खरूज आठवतात. पण घराबरोबर रक्तदाबाच्या, फिटच्या, क्षयाच्या गोळ्याही वाहून गेल्या, हे आठवत नाही. फिटची गोळी अचानक तुटली तर थांबता न थांबणारा झटका येऊ शकतो. क्षयाचे उपचार खंडित झाले तर जंतू औषधाला जुमानेनासे होऊ शकतात. लोकांना नाव आठवत नसलं तरी रंग, आकार आणि सकाळी किती, रात्री किती, एवढं पक्कं ठाऊक असतं. त्यावरून तर्क करा, पण निश्चिती जुन्या चिठ्ठीवरून किंवा जवळच्या आरोग्य केंद्राच्या नोंदीवरूनच करा.

इन्सुलिनला ऊन लागू नये म्हणून सगळे जपतात, पण डोंगरात रात्रीची थंडी जास्त घातक. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्वीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं. धनुर्वाताच्या लसीचंही तेच. बर्फाच्या लादीला चिकटून ठेवू नका. रात्री झोपायच्या पिशवीत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवा, अंगाला लावून नको.

यंत्रंही थंडीत रुसतात. साखर मोजायचं यंत्र आकड्याऐवजी चूक दाखवू लागलं तर फेकू नका, पट्ट्यांसकट दहा-पंधरा मिनिटं खिशात ऊब द्या. ऑक्सिजन मोजायचा चिमटा गारठलेल्या बोटावर काहीबाही दाखवतो, आधी बोट चोळून घ्या. आणि ३००० मीटरच्या आसपास धडधाकट माणसाचाही आकडा नव्वदीला टेकलेला असू शकतो. खालच्या सवयीने घाबरून सगळ्या गावाला खाली न्यायला निघू नका. माणूस धापा टाकतोय का, बोलताना थांबतोय का, ते बघा.

थोडक्यात, पण महागात पडणाऱ्या

पुराच्या पाण्यातली जखम लगेच शिवून टाकू नये. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायची, माती-काड्या काढायच्या, उघडी ठेवून पट्टी करायची, आणि स्वच्छ राहिली तर दोन ते पाच दिवसांनी शिवायची. म्हणजे शिवायला कोणीतरी परत यायला हवं, आणि घोडं तिथेच अडतं.

दुधाच्या पावडरचे डबे वाटू नका. गढूळ पाण्यात कालवलेलं दूध बाळाला जुलाबाकडे नेतं. अंगावर पाजणारीला पोटभर जेवण आणि आडोसा मिळाला तर जास्त उपयोग होतो. आडोसा सगळ्याच बायकांना लागतो. उघड्या टेबलाशी, सासरा मागे उभा असताना, कुठली बाई अंगावरून जातंय म्हणून सांगेल?

आजार यायच्या आधी परतणं

उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं बहुधा एक-दोन आठवड्यांनी दिसतात, कधी महिनाही लागतो. डासांची अंडी पुरात आधी धुऊन जातात आणि पाणी साचून राहिलं की मग वाढतात, त्यामुळे हिवताप जिथे असतो तिथे तो दीड-दोन महिन्यांनी उसळतो. आपण पाचव्या दिवशी निरोप घेतलेला असतो.

हातात एक पथक आणि सहा दिवस असतील तर सगळे एकदम जाऊ नका. तिघे आता, तिघे तीन आठवड्यांनी. निघताना वही घेऊन येऊ नका, तिची एक प्रत गावातल्या आरोग्यसेविकेकडे किंवा दाईकडे ठेवा: कोणाला काय दिलं, कोणाची जखम उघडी आहे, कोण किती महिन्यांची गरोदर आहे, दरडीपलीकडे अजून कोणाला बघायचं राहिलंय. पुढचं पथक तुमचंच असेल असं नाही. ते आलं की आधी त्यांच्या हातात वही द्यायची, पेटी मग उघडायची, एवढं तिला सांगून ठेवा.